आधी आडवाटेला जा

१९८३ च्या उन्हाळ्यात बॉस्टनजवळच्या वॉल्थम गावात, एका जुन्या हवेलीवजा घरात, काही तरुण मंडळी आपल्या नव्या कंपनीचं बस्तान बसवत होती. कंपनीचं नाव थिंकिंग मशीन्स, आणि बहुतेक मंडळी एमआयटीतली. म्होरके होते डॅनी हिलिस. अशात पासष्ट वर्षांचे रिचर्ड फाइनमन दारात येऊन हजर झाले. सुट्टीत इथे काम करायचं असं त्यांचं आधीच ठरलेलं होतं. पण नोबेल मिळालेल्या भौतिकशास्त्रज्ञाला काम काय द्यायचं, याचा विचार कुणीच केला नव्हता. तुम्ही सल्लागार व्हा, असं कुणीतरी सुचवलं. ते फाइनमनना मुळीच रुचलं नाही. त्यांना हाताला खरं काम हवं होतं. शेवटी त्यांना ऑफिसचं सटरफटर सामान आणायला पाठवलं, आणि ते परत येईपर्यंत सगळ्यांनी मिळून ठरवलं की ज्या भागाची आपल्याला सर्वांत जास्त धास्ती आहे, तोच यांच्या हाती द्यावा. तो भाग म्हणजे राउटर.

राउटर म्हणजे निरोप पोचवणारी यंत्रणा. हिलिस यांच्या ‘कनेक्शन मशीन’मध्ये ६५,५३६ प्रोसेसर असणार होते. एकेक प्रोसेसर अगदी साधा, एका वेळी एकच बिट हाताळणारा. यंत्राची सगळी ताकद त्यांच्या संख्येत आणि त्यांनी एकमेकांशी बोलण्यात होती. प्रत्येकाकडून प्रत्येकाकडे स्वतंत्र तार ओढायची म्हटली, तर २१४ कोटींहून जास्त तारा लागल्या असत्या. म्हणून सोळा-सोळा प्रोसेसर एकेका चिपवर बसवले, ४,०९६ चिप झाल्या, आणि त्या हायपरक्यूब नावाच्या रचनेत जोडायचं ठरलं.

हायपरक्यूबची युक्ती पत्त्यात आहे. प्रत्येक चिपला ० आणि १ यांचा बारा अंकी पत्ता द्यायचा. ज्या दोन चिपच्या पत्त्यांत नेमका एकच अंक वेगळा असेल, त्यांच्यातच तार ओढायची. म्हणजे प्रत्येक चिपला बाराच तारा. तरीही कुठूनही कुठेही जायला बारापेक्षा जास्त टप्पे कधी लागत नाहीत, कारण दर टप्प्याला चुकीचा एक अंक दुरुस्त करत गेलं की पत्ता जुळतो. अंक कोणत्या क्रमानं बदलायचे? सोपा नियम असा, की डावीकडून सुरुवात करायची. वाटेतल्या कुठल्याही चिपला बाकीच्या यंत्रात काय चाललंय याची चौकशी करावी लागत नाही; हातातल्या निरोपावरचा पत्ता आणि स्वतःचा पत्ता ताडून पाहिला की पुढची तार कळते. हे फार महत्त्वाचं आहे. टेलिफोन एक्स्चेंजच्या दुनियेत बेल लॅबच्या चार्ल्स क्लॉस यांनी १९५३ मध्येच गर्दी न होता सगळे कॉल जोडणाऱ्या रचना मांडल्या होत्या. पण तिथे कोण कुणाशी बोलणार हे जाणून सगळ्यांची सोय लावणारं एक मध्यवर्ती नियंत्रण असे. हजारो प्रोसेसर एकाच क्षणी निरोप सोडतात, तेव्हा असा ‘वरून सगळं पाहणारा’ ठेवायला वेळही नसतो आणि जागाही. प्रत्येक नाक्यावर, तिथल्या तिथे, समोर दिसेल तेवढ्यावर निर्णय घ्यायचा असतो.

एकटा निरोप निघाला तर काहीच अडचण नाही. प्रश्न येतो तो सगळे एकदम निघाल्यावर. एका तारेवरून एका वेळी एकच निरोप जातो. दुसरा आला तर तो रांगेत थांबतो.

हे जवळून पाहण्यासाठी छोटं यंत्र घेऊ: सोळा प्रोसेसर, चार अंकी पत्ते. त्यांच्यावर चार ओळी आणि चार स्तंभांची आकड्यांची चौकट मांडायची, दर प्रोसेसरकडे एक आकडा. पत्त्याचे पहिले दोन अंक ओळीचे, पुढचे दोन स्तंभाचे. आता या चौकटीच्या ओळींचे स्तंभ आणि स्तंभांच्या ओळी करायच्या आहेत. कृती शाळकरी वाटते, पण हवामानापासून भूकंपाच्या लहरींपर्यंत कोणतंही मोठं गणित घ्या, ती पदोपदी लागते. पत्त्यांच्या भाषेत तिचा अर्थ इतकाच, की पुढचे दोन अंक मागे आणि मागचे दोन पुढे. ११०० वरच्या आकड्याला ००११ वर जायचंय. डावीकडून अंक बदलत तो निघाला: ११००, ०१००, ००००, ००१०, ००११. दुसरा ०१०० वरून ०००१ कडे निघालाय: ०१००, ००००, ०००१. तिसरा १००० वरून ००१० कडे: १०००, ००००, ००१०. तिघेही ०००० वरून गेले. शिवाय पहिल्या दोघांनी ०१०० ते ०००० ही एकच तार वापरली.

पुण्यात अनंत चतुर्दशीला लक्ष्मी, टिळक, केळकर आणि कुमठेकर या चारही रस्त्यांवरच्या मिरवणुका शेवटी अलका टॉकीज चौकात येतात, आणि मग पुढे काय होतं ते पुणेकरांना सांगायला नको. ०००० हा या यंत्राचा अलका चौक. शहरातले बाकीचे रस्ते त्या वेळी रिकामेच असतात.

सोळांच्या यंत्रात ही गर्दी किरकोळ आहे. पण पत्ता वीस अंकी करा. प्रोसेसर झाले १०,४८,५७६, आणि चौकट झाली १,०२४ ओळी आणि १,०२४ स्तंभांची. पहिल्या स्तंभातले सगळेच्या सगळे १,०२४ आकडे शून्याच्या नाक्यावर येतात. त्यातही डावीकडून अंक बदलण्याच्या नियमामुळे निम्मे, म्हणजे ५१२, शेवटच्या टप्प्याला नेमक्या एकाच तारेवरून आत शिरतात. त्या तारेवरून ५१२ निरोप एकामागून एक गेल्याशिवाय काम संपणं शक्यच नाही. लांबात लांबचा पल्ला वीस टप्प्यांचा असताना ५१२! पत्ता तीस अंकी केला तर पल्ला होतो तीस टप्प्यांचा आणि रांग होते १६,३८४ ची. यंत्र जितकं मोठं, तितकी कोंडी भयंकर. मग लाखो प्रोसेसर जोडून उपयोग काय, असा प्रश्न उभा राहतो, आणि सत्तरच्या दशकाअखेरीस तो काही थोड्या लोकांना खरोखरच छळत होता. अशी यंत्रं तेव्हा अस्तित्वात नव्हती. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत चार्ल्स सीट्झ आणि जेफ्री फॉक्स यांच्या गटाचं ‘कॉस्मिक क्यूब’ हे चौसष्ट प्रोसेसरचं यंत्र चालू व्हायला १९८३ साल उजाडायचं होतं. प्रश्न मात्र कागदावर आधीच येऊन बसला होता.

उत्तर आलं स्कॉटलंडमधून. एडिंबरा विद्यापीठात तेव्हा लेस्ली व्हॅलियंट शिकवत होते. जन्म बुडापेस्टचा, १९४९ चा; शिक्षण इंग्लंडमध्ये. तिशी नुकतीच ओलांडलेली. मोजणीचे काही प्रश्न मुळातच किती अवघड असतात, यावरच्या कामानं त्यांचं नाव सैद्धांतिक संगणकशास्त्रात आधीच झालेलं होतं. पुढे १९८४ मध्ये यंत्राला ‘शिकता येणं’ म्हणजे काय याची गणिती व्याख्या करणारा निबंध त्यांनी लिहिला, आणि आजच्या मशीन लर्निंगच्या सिद्धांताचा पाया तिथे घातला गेला. २०१० चं ट्युरिंग पारितोषिक त्यांना मिळालं त्यात हे सगळं होतंच, आणि समांतर संगणनातलं कामही होतं. पण लोक व्हॅलियंट यांना ओळखतात ते शिकण्याच्या सिद्धांतासाठी. निरोप पोचवण्याचा त्यांचा सिद्धांत त्यामानानं अंधारात राहिला, आणि मला ही गोष्ट लागते. कारण इतका छोटा, इतका अनपेक्षित आणि इतका पक्का विचार संगणकाच्या इतिहासात फार थोड्यांना सुचला असेल.

विचार असा. प्रत्येक निरोपानं आधी भलत्याच ठिकाणी जावं. कुठे? नशीब नेईल तिथे. वीस वेळा नाणं उडवायचं; छापा आला तर १, काटा आला तर ०. जो वीस अंकी पत्ता तयार होईल, त्या प्रोसेसरकडे आधी जायचं. तिथे पोचल्यावर मग खऱ्या पत्त्याची वाट धरायची. दोन्ही वेळा चालण्याचा नियम तोच, डावीकडून एकेक अंक बदलण्याचा.

ऐकताना हे पटत नाही. शेजारच्या प्रोसेसरकडे जायचंय, एका टप्प्याचं काम आहे, आणि तुम्ही त्या निरोपाला यंत्राच्या दुसऱ्या टोकाला पाठवताय? एकूण प्रवास वाढतोय, तारांवरचा भार वाढतोय, आणि तरी कोंडी फुटेल म्हणताय? १९८१ मध्ये व्हॅलियंट आणि त्यांचे विद्यार्थी गॉर्डन ब्रेबनर यांनी एका परिषदेत आणि पुढच्या वर्षी व्हॅलियंट यांनी एका शोधपत्रिकेत जे मांडलं, त्यात या प्रत्येक शंकेला उत्तर होतं. हे उत्तर कागद-पेन्सिल घेऊन बसणाऱ्या कुणालाही समजण्यासारखं आहे.

आधी भार मोजू. वीस अंकी यंत्रात, दोन्ही दिशा वेगळ्या धरल्या, तर २,०९,७१,५२० तारा आहेत. नाणं उडवून निघालेला पत्ता तुमच्या पत्त्यापेक्षा सरासरी निम्म्या अंकांत वेगळा असतो, म्हणजे आडवाटेचा प्रवास सरासरी दहा टप्प्यांचा. साडेदहा लाख निरोपांचे मिळून १,०४,८५,७६० टप्पे. तारांच्या बरोबर निम्मे. आणि सगळ्यांचे मुक्काम नाण्यानं ठरलेले असल्यामुळे कोणत्याही तारेला दुसरीपेक्षा जास्त मान नाही, कमी नाही. प्रत्येक तारेच्या वाट्याला सरासरी अर्धा निरोप येतो. शून्याच्या नाक्यावरच्या तारेलाही तेवढाच, कोपऱ्यातल्या नाक्यावरच्या तारेलाही तेवढाच. ज्या तारेवर ५१२ जणांची झुंबड होती, तिथे आता अर्धा!

सरासरी ठीक आहे, पण एखादा दुर्दैवी निरोप अडकून पडला तर? सगळं गणित त्या एकासाठी थांबून राहतं, म्हणून ही शंका पोकळ नाही. तिचं उत्तर दोन पायऱ्यांत येतं. एक तर, या नियमानं चालणाऱ्या दोन निरोपांच्या वाटा एकदा वेगळ्या झाल्या की त्या फेरीत पुन्हा एकत्र येत नाहीत. त्यामुळे एकच प्रवासी तुम्हाला पुन्हा पुन्हा आडवा येऊ शकत नाही, आणि तुमचा खोळंबा तुमच्या वाटेवर पाय ठेवणाऱ्यांच्या संख्येपेक्षा जास्त होऊ शकत नाही. ती संख्या सरासरीनं फार तर दहा. दुसरी पायरी संभवशास्त्राची. हर्मन चेर्नॉफ यांनी १९५२ मध्ये दाखवलं होतं की स्वतंत्र नाणेफेकींची बेरीज सरासरीपासून फार दूर जाण्याची शक्यता नुसती कमी होत नाही, ती कोसळते. म्हणजे दहाच्या जागी एकशेवीस जण आडवे येण्याची शक्यता जवळजवळ नाहीच. मग दुसरी फेरी, नशिबाच्या मुक्कामापासून खऱ्या पत्त्यापर्यंतची. ती पहिल्या फेरीसारखीच, फक्त दिशा उलटी. त्यामुळे तोच युक्तिवाद पुन्हा लागू पडतो.

राजीव मोटवानी आणि प्रभाकर राघवन यांच्या १९९५ च्या पाठ्यपुस्तकामुळे जगभरच्या वर्गांत ही सिद्धता शिकवली जाते. तिथल्या हिशेबानं पत्त्याच्या अंकांच्या चौदापट वेळात सगळे निरोप पोचतात. वीस अंकी यंत्राला २८० पावलं. ही झाली सढळ हातानं लावलेली मर्यादा. प्रत्यक्षात काम पुष्कळ आधी संपतं. आणि ही मर्यादा मोडण्याची शक्यता किती? एकावर एकोणतीस शून्यं इतक्यात एकाहूनही कमी. तीस अंकी यंत्रात जुन्या नियमानं १६,३८४ पावलं लागत होती, तिथे ४२० ची हमी मिळते.

या सिद्धांताचं खरं देखणेपण मात्र आकड्यांत नाही. जुन्या नियमाला काही कामं सोपी जात आणि काही कामं त्याचा जीव घेत. कोणतं काम पुढ्यात येईल हे आपल्या हाती नव्हतं. व्हॅलियंट यांच्या नियमाला वाईट काम असं उरतच नाही. ओळींचे स्तंभ करा, आकडे उलटे लावा, कुणा दुष्टानं मुद्दाम कोंडी व्हावी म्हणून पत्ते रचलेले असोत, आडवाटेला लागलेल्या निरोपांना त्या रचनेचा मागमूस राहत नाही. वाईट होऊ शकतं ते फक्त नाणं, आणि नाणं साडेदहा लाखांसाठी एकाच वेळी वाईट होत नाही.

यावर कुणी म्हणेल, डावीकडून अंक बदलण्याचा नियमच बावळट होता, जरा हुशार नियम शोधला असता तर नाण्याची गरज पडली नसती. १९८२ मध्ये टोरांटोचे ॲलन बोरोडिन आणि कॉर्नेलचे जॉन हॉपक्रॉफ्ट यांनी हे दारही बंद केलं. कुठून निघालो आणि कुठे जायचंय एवढ्यावरच ज्याची वाट ठरते, असा कोणताही ठरीव नियम घ्या, कितीही चलाख. त्याला कोंडीत पकडणारी एक तरी मांडणी असतेच, आणि त्या कोंडीचा आकार साधारण प्रोसेसरच्या संख्येच्या वर्गमुळाच्या पटीत वाढतो. व्हॅलियंट यांनी नाणं उडवलं ती हौस नव्हती. समोर दिसेल तेवढ्यावरच निर्णय घ्यायचा आणि तरी कुणाला कोंडीत सापडू द्यायचं नाही, तर इतक्या साध्या नियमानं ते करणारा दुसरा रस्ता दिसत नव्हता.

इकडे वॉल्थममध्ये फाइनमन राउटरच्या आकृत्या पसरून बसले होते. चिपमधलं सर्किट ते पेन्सिलीनं कागदावर एकेक पाऊल चालवून पाहत. त्यांच्यापुढचा प्रश्न व्यवहाराचा होता: थांबलेले निरोप ठेवायला प्रत्येक चिपवर किती बफर लागतील? जास्त ठेवले तर चिप मोठी होते, कमी ठेवले तर निरोपांना जागाच मिळत नाही. बाकीच्या मंडळींनी नेहमीच्या पद्धतीनं, एकेक प्रसंग मोजून, सात असं उत्तर काढलं. फाइनमन यांनी भौतिकशास्त्रज्ञाच्या सवयीनं एकेका निरोपाचा नाद सोडला. निरोपांच्या पत्त्यांत सरासरी किती १ आहेत, हे सलग बदलणारं परिमाण धरून त्यांनी आंशिक विकलक समीकरणं मांडली. शून्य-एकच्या यंत्रासाठी असली समीकरणं कुणी वापरल्याचं त्या घरात कुणी पाहिलं नव्हतं. त्यांचं उत्तर आलं पाच. मंडळींनी सातच ठेवले.

पुढच्या वसंतात चिपचा आराखडा पुरा झाला आणि ती कारखान्यात घडवायला जराशी मोठी पडते आहे असं लक्षात आलं. जागा वाचवायचा एकच मार्ग होता, बफर सातावरून पाचावर आणायचे. फाइनमन यांच्या समीकरणांवर भिस्त ठेवून चिप बनवल्या गेल्या, जोडल्या गेल्या, आणि एप्रिल १९८५ मध्ये यंत्रावर पहिला प्रोग्रॅम नीट चालला. वॉल्थमच्या आणि एडिंबराच्या या दोन कामांचे प्रश्न निराळे होते. पण एकेका प्रवाशाच्या मागे न धावता सगळ्या गर्दीचा स्वभाव ओळखायचा, आणि त्यावर निःशंकपणे विसंबायचं, हे धाडस दोघांचंही सारखंच आहे.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आडवाट सिलिकॉनमध्ये उतरली. तोवरची अडचण आपल्याकडच्याच यंत्रात दिसते: पुण्यात १९८८ मध्ये महासंगणक बनवणारी सी-डॅक ही संस्था सुरू झाली आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ तयार झाला, तो ब्रिस्टलच्या इन्मॉस कंपनीच्या ट्रान्सप्युटर चिप जोडून. ट्रान्सप्युटरला चारच दुवे असत. दूरच्या चिपसाठीचा निरोप मधल्या चिपवरच्या प्रोग्रॅमनं हातात घेऊन पुढे द्यायचा, म्हणजे आपल्या गणिताचा वेळ परक्याच्या टपालात घालवायचा. इन्मॉसनं पुढच्या पिढीसाठी सी-१०४ नावाची बत्तीस दुव्यांची खास राउटर चिप बनवली, आणि तिच्यात व्हॅलियंट यांची युक्ती जशीच्या तशी बसवली: निरोपाचं पॅकेट आत शिरताना त्याच्यावर नशिबानं निवडलेला एक जादा पत्ता चिकटवायचा, त्या मुक्कामावर तो काढून टाकायचा, आणि खालचा खरा पत्ता मोकळा करायचा. तिच्या जोडीचा टी-९००० प्रोसेसर वेळेत पुरा झाला नाही आणि ती सगळी पिढीच मागे पडली. कनेक्शन मशीनचा वारसा सांगणाऱ्या सीएम-५ मध्ये, चार्ल्स लायझरसन यांच्या ‘फॅट ट्री’ रचनेत, वर चढणारं पॅकेट मोकळ्या दुव्यांपैकी एक नशिबावर सोडून निवडत असे. जून १९९३ मध्ये जगातल्या पाचशे बलाढ्य संगणकांची पहिली यादी निघाली, तेव्हा सीएम-५ तिच्या शिखरावर होता. त्याच वर्षी ‘जुरासिक पार्क’ सिनेमात लाल दिवे लुकलुकणारी जी काळी कपाटं सगळ्यांनी पाहिली, ती त्याचीच.

तरीही बांधकाम करणारे इंजिनिअर आडवाटेपासून बराच काळ बिचकूनच राहिले, आणि त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. रोजच्या कामात बहुतेक निरोप जवळच्याच शेजाऱ्याकडे जातात. त्या सगळ्यांना यंत्रभर फिरवणं म्हणजे उधळपट्टी. दुसरी भीती गाठ पडण्याची. अ थांबलाय ब च्या जागेसाठी, ब थांबलाय क साठी, आणि क पुन्हा अ साठी. मग कुणीच हलत नाही. वाटा जितक्या वेड्यावाकड्या, तितकी अशी गाठ पडण्याची भीती जास्त. विल्यम डॅली आणि सीट्झ यांनी १९८७ मध्ये एकाच तारेवर अनेक आभासी मार्गिका कल्पून आणि त्यांना क्रम लावून ही गाठ मुळातच पडू न देण्याची रीत सांगितली. उधळपट्टीवरचा उपाय यायला आणखी वेळ लागला. स्टॅनफर्डमध्ये डॅली यांचे विद्यार्थी अर्जुन सिंग यांनी २००५ च्या प्रबंधात दोन्ही वाटा एकत्र आणल्या. पॅकेट निघताना सरळ वाटेवरची रांग बघायची, नाण्यानं सुचवलेल्या आडवाटेवरची रांग बघायची, प्रत्येकीला तिच्या लांबीनं गुणायचं, आणि जी स्वस्त ती धरायची. यंत्र शांत असेल तर सरळ जायचं, कोंडी दिसली की व्हॅलियंट यांचं ऐकायचं.

२००८ मध्ये जॉन किम, डॅली, स्टीव्ह स्कॉट आणि डेनिस ॲबट्स यांनी ‘ड्रॅगनफ्लाय’ ही रचना मांडली, तीच मुळी आडवाट गृहीत धरून. प्रोसेसरांचे मोठे गट करायचे. गटाच्या आत तारा दाट, गटागटांत मात्र महागड्या प्रकाशीय केबली मोजक्याच. एका गटातल्या सगळ्यांनी दुसऱ्या एकाच गटाशी बोलायचं ठरवलं की त्या मोजक्या केबली लगेच तुंबतात. मग बहुतेक पॅकेटांना तिसऱ्याच कुठल्यातरी गटात वळसा घालायला लावायचा.

पुण्याला पाषाणमध्ये भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत जानेवारी २०१८ मध्ये ‘प्रत्युष’ हा ४ पेटाफ्लॉपचा महासंगणक देशाला अर्पण झाला, तो क्रे कंपनीचा एक्ससी-४० होता, आणि त्याचं जाळं ड्रॅगनफ्लाय होतं. त्यातली एरीज नावाची राउटर चिप चार-चार नोड, म्हणजे यंत्रातले छोटे संगणक, सांभाळते, आणि ३८४ नोडांचा एक गट होतो. प्रत्येक पॅकेटसाठी ही चिप चार वाटा नशिबावर काढते, दोन सरळ आणि दोन आडवळणाच्या, आणि त्यांतली जिच्यावर गर्दी कमी ती निवडते. २०१८ च्या जूनपासून त्या यंत्रावर साऱ्या पृथ्वीच्या हवामानाचा १२ किलोमीटरच्या जाळीचा अंदाज चालू लागला, एकदा नव्हे तर किंचित वेगवेगळ्या सुरुवातींपासून २१ वेळा. या अंदाजामागचं मॉडेल ‘स्पेक्ट्रल’ जातीचं आहे. वारा, तापमान, बाष्प यांचे आकडे ते आधी रेखांशांच्या दिशेनं लहरींत मोडतं, मग अक्षांशांच्या दिशेनं, आणि दोहोंच्या मध्ये सगळ्या आकड्यांना ओळीतून स्तंभात जावं लागतं, प्रत्येक पावलाला, शेकडो वेळा. कोकणात पाऊस कधी लागेल याचा हिशेब करताना प्रत्युषच्या तारांवरून जी वर्दळ उसळे, ती व्हॅलियंट यांना ज्या जातीच्या कोंडीची चिंता होती, त्याच जातीची होती.

मात्र याला एक किंमत पडते, आणि ती चुकवतो तो शेजारी. ज्याच्यामुळे कोंडी होते त्याची पॅकेटं यंत्रभर पसरली, की ज्यांचा त्या कामाशी काही संबंध नाही त्यांच्या तारांवरही ती येतात. तोच प्रोग्रॅम, तेवढेच प्रोसेसर, आणि तरी आज एक वेळ तर उद्या दुसरी, असा अनुभव या जाळ्यांवर काम करणाऱ्यांना वारंवार येत असे, कारण शेजारी कोणाचं काय चाललंय यावर आपली गती ठरत होती. हा दोष मला क्षुल्लक वाटत नाही. सार्वजनिक यंत्रावर रांगेत राहून वेळ मिळवलेल्या संशोधकाचा तो तास असतो. पुढच्या ‘स्लिंगशॉट’ जाळ्यात यावर इलाज केला गेला: आडवाट ठेवायचीच, पण नेमकी कुणाच्या पॅकेटांमुळे एखादा मुक्काम तुंबतोय हे जाळ्यानंच हेरायचं, आणि त्या एकालाच उगमापाशी धीमं करायचं. मे २०२२ मध्ये सेकंदाला दहाच्या अठराव्या घाताइतक्या आकडेमोडींचा पल्ला गाठणारा टेनेसीतला ‘फ्रंटियर’ याच जाळ्यावर उभा आहे.

आता हेच दुखणं कृत्रिम बुद्धिमत्तेची मॉडेल घडवणाऱ्या डेटा सेंटरमध्ये पोचलंय. हजारो जीपीयू ठरावीक क्षणी एकदम बोलू लागतात, आणि इथरनेटची जुनी रीत, म्हणजे दोन ठिकाणांमधलं एकेक संभाषण एकाच वाटेवर बांधून ठेवायचं, तिथे तोकडी पडते. एकाच संदेशाची पॅकेटं वेगवेगळ्या वाटांनी सोडली की ती पलीकडे उलटसुलट क्रमानं पोचतात, आणि जुन्या यंत्रणा त्यालाच बिघाड समजून पॅकेटं पुन्हा मागवतात. २०२३ मध्ये स्थापन झालेल्या अल्ट्रा इथरनेट कन्सोर्टियमनं जून २०२५ मध्ये पहिलं मानक प्रसिद्ध केलं. त्यात पॅकेटं अनेक वाटांवर उधळायची मुभा आहे, आणि पलीकडे ती कोणत्याही क्रमानं आली तरी थेट मेमरीत आपापल्या जागी ठेवून घ्यायची सोयही आहे.